चाँदरातीआधीचा घरारा

रमजानचा दुसरा अशरा सरत आला की पनवेल, तळोजा, वाशीतले अनेक शिंपी हात जोडतात, ‘आता ईदनंतर या.’ मग घरातल्या शिलाई मशीनवरचे झाकण निघते. हार्बर लाइनने जाऊन मंगलदास मार्केटमधून कापड आलेलेच असते. लेकीने हट्टाने निवडलेले, चंद्र आणि कंदील छापलेले.

फर्मा वर्तमानपत्रावर काढायचा. उर्दू पेपरात एखादी आयत छापलेली असू शकते, म्हणून काही घरांत त्याला कात्री लावत नाहीत. मराठी पेपर घेतात.

खरी परीक्षा कापताना. कंदील सगळे एकाच दिशेने लटकलेले. फर्मा उलटसुलट ठेवून कापड वाचवायची नेहमीची युक्ती इथे चालत नाही. एका पायावर कंदील सुलटा, दुसऱ्यावर उलटा झाला तर ईदच्या सकाळी पोरगी तो घालायचीच नाही. असे कापड म्हणूनच थोडे जास्त घ्यावे लागते.

कमी पडलेच तर घराराच वाचवतो. शराऱ्यासारखा तो सलग नसतो; गुडघ्याशी त्याला जोड असतो आणि त्यावर गोटा बसतो. वर छापाचे कापड, खालचा चुण्यांचा घेर साध्या रंगाचा. गोट्याखाली जोड झाकला जातो.

जुहरनंतर इफ्तारीची भजी तळायला उठेपर्यंत तास-दीड तास मिळतो, उरलेले तरावीहनंतर. कमरेला दोन बोटे माया जास्त, आणि तळाची दुमड चाँदरातीपर्यंत कच्च्या टाक्यावरच. पोरगी महिन्याभरातही वाढते.