घरी काम आणि घरी शाळा

मराठीत 'घरी बसणे' याचा अर्थ रिकामे असणे असा आहे. गिरणी बंद पडली की माणूस घरी बसतो, नोकरी सुटली की घरी बसतो. या एका शब्दप्रयोगाने घरात बसून मजुरी करणाऱ्या बायकांवर फार दिवस अन्याय केला आहे. कारण घरी आहे ती मोकळी आहे, असे शेजाऱ्यापासून सरकारपर्यंत सर्वांनीच धरून चालावयाचे. २०२० साली शाळाही घरी आली तेव्हा या समजुतीचा भार मुलांवरही पडला.

या विषयात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. घरून काम करणाऱ्या आईबापांनी दूर राहून शिकणाऱ्या मुलाला हात कसा द्यावा, हा पहिला; आणि तो हात मोकळा कसा करावा, हा दुसरा. पहिल्यावर उपदेश पुष्कळ झाला. दुसऱ्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही, म्हणून आम्ही त्याच्याविषयी अधिक बोलणार आहोत.

'घरून काम' ही संगणकवाल्यांनी आणलेली नवी चाल आहे, असा एक समज आहे. पुण्या-मुंबईहून परतलेली मुले आमच्या नेर परसोपंतात माडीवरच्या खोलीत संगणक मांडून बसलेली दिसू लागली, तेव्हा लोकांना त्याचे नवल वाटले. पण त्याच गल्लीत खालच्या मजल्यावर शिलाईचे यंत्र कितीतरी वर्षे चालत होते. साड्यांना फॉल-पिको, परकर, शाळेचे गणवेश, उन्हाळा लागला की शेवया, पापड, कुरडया, ही सारी घरून केलेली कामेच होत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जानेवारी २०२१ मध्ये दिलेल्या हिशेबाप्रमाणे २०१९ साली, म्हणजे साथीच्या आधीच, जगात सुमारे २६ कोटी माणसे घरी काम करीत होती, आणि त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. तेव्हा चाल जुनीच आहे. वरच्या मजल्यावर महिन्याचा पगार आहे आणि खालच्या मजल्यावर नगावर मजुरी आहे, एवढाच काय तो फरक. परंतु मुलाच्या अभ्यासाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

तो कसा, ते पाहू. पगारदार बापाने दुपारी तासभर मुलाला गणित समजावले तर त्याला फार तर वरिष्ठाचे बोलणे खावे लागते; महिन्याअखेर पगार तोच मिळतो. नगावर काम करणाऱ्या बाईचे तसे नाही. समजा, एका साडीला फॉल लावावयाला पाऊण तास लागतो. मुलाजवळ रोज दीड तास बसावयाचे म्हणजे रोज दोन साड्या कमी, महिन्याला साठ. शाळेची फी माफ असेल, पुस्तके फुकट असतील, तरी या बाईला मुलाचे शिक्षण साठ साड्यांच्या मजुरीला पडते. हा आकडा कोणत्याही सरकारी अंदाजपत्रकात सापडत नाही. आणि मग शेजारी म्हणतात, "घरीच तर असते, पोराकडे लक्ष द्यायला काय झाले?"

साथीच्या काळात हा व्यवहार किती दिवस चालला, याची आठवण आता पुसट होत चालली आहे, म्हणून ती पुन्हा ताजी करून ठेवतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. नोव्हेंबर २०२० पासून नववीच्या पुढचे आणि जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे वर्ग ठिकठिकाणी उघडू लागले. तोच फेब्रुवारीत यवतमाळ-अमरावतीकडे साथ पुन्हा उसळली. पहिली ते चौथीच्या मुलांसाठी शाळेचे दार उघडले ते डिसेंबर २०२१ मध्ये. म्हणजे जून २०२० मध्ये ज्याचे नाव पहिलीत घातले, त्या पोराने वर्गाची पायरी चढली तेव्हा ते दुसरीत होते. त्याला अक्षरओळख झाली असेल तर ती घरातच झाली. घरात झाली नसेल तर कोठेच झाली नाही.

शिक्षण थांबू नये म्हणून प्रयत्न झाले, हे मान्य केले पाहिजे. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी राज्याची घोषणाच होती. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका लागू लागली. नागपूर आकाशवाणीवरून 'शाळेबाहेरची शाळा' झाली. शिक्षकांनी मोबाईलवर स्वाध्याय धाडले. परंतु मोबाईल ही वस्तू मुलाची नव्हती, घरातल्या कर्त्या माणसाची होती. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत २०१८ साली देशातल्या खेड्यांत शाळेत जाणाऱ्या शंभरांपैकी साडेछत्तीस मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२१ साली तो साडेसदुसष्ट घरांवर पोचला. आकडा वाचून आनंद होतो. पण त्याच पाहणीत पुढे आहे की, ज्या घरी असा फोन होता त्यांतल्याही चौथ्या हिश्शाच्या मुलांना तो अभ्यासासाठी मुळीच मिळत नव्हता. तास सुरू व्हावयाच्या वेळी पोरगे विचारते, "माय, फोन कुठी हाय?" आणि उत्तर येते, "बाबा घेऊन गेले वावरात."

येथे आमच्या जुन्या कामाशी संबंध असलेली एक गोष्ट सांगणे भाग आहे. घरी काम आणि घरी शाळा एकत्र आली की, तिसरी एक गोष्ट न बोलावता घरात शिरते, ती म्हणजे मुलाचे काम. आई मुलाजवळ बसू शकत नाही, म्हणून मूल आईजवळ बसते. आणि आईजवळ बसलेल्या मुलाचे हात रिकामे कसे राहतील? दोरा ओव, बटण लाव, घडी घाल. विडीधंद्यात हे सर्वांना ठाऊक आहे. विडी आणि सिगार कामगारांच्या १९६६ च्या कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या बाईला कामगार म्हणून मान्यता दिली, हा चळवळीचा मोठा विजय होता. १९८६ साली बालकामगारांचा कायदा झाला आणि मुलांना मना केलेल्या कामांच्या यादीत विडी वळणे आले. पण त्याच कलमात एक फट होती: कुटुंबाच्या साहाय्याने चालणाऱ्या कारखान्याला ही मनाई लागू नव्हती. म्हणजे ज्या जागी मुले प्रत्यक्ष विड्या वळत होती, त्या घराच्या उंबऱ्याशी कायदा थांबला. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच धंद्यांत मनाई केली. मात्र धोक्याचे नसलेले घरचे काम शाळेच्या वेळेनंतर वा सुटीत करावयाची मोकळीक ठेवली. आता विचार करा. शाळाच घरात, घंटा नाही, हजेरी नाही, मास्तर पडद्यावर. तेव्हा 'शाळेच्या वेळेनंतर' म्हणजे नेमके केव्हा? कायदा करणाऱ्यांना हा प्रश्न पडला नव्हता. वीस महिने तो घराघरांतल्या आईबापांनी आपापल्या परीने सोडवला, आणि मजुरी कमी असेल तेथे तो मुलाच्या विरुद्ध सुटला.

याच्या उलट उदाहरण सोलापूरचे आहे. नीलमनगर ही तेथली कामकऱ्यांची वस्ती. आशा मराठी विद्यालयातल्या मुलांचे पालक बहुतेक कापडधंद्यात कामाला, घरी स्मार्टफोन नाही. २०२० साली शिक्षकांनी वस्तीतल्या सुमारे तीनशे घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून काढले, पहिलीपासून दहावीपर्यंतचे. पोरगे दुकानात मीठ आणावयास निघाले की वाटेत वर्णमाला, पुढे पाढे, त्यापुढे इंग्रजी व्याकरण. आम्हांला ही युक्ती आवडते ती रंगामुळे नव्हे. भिंतीला वीज लागत नाही हे एक. पण तिला आईचा वेळ लागत नाही, हे महत्त्वाचे. ज्याने ही गोष्ट शोधली त्याने आईच्या कामाचा हिशेब आधी मांडला असला पाहिजे.

आता हात कसा द्यावा, याविषयी. आपण शिकलेलो नाही, आपण काय शिकवणार, ही खंत आम्ही अनेक बायकांच्या तोंडून ऐकतो. शिकवावयाचे नाहीच, ऐकावयाचे आहे. यंत्र चालू असताना डोळे कामात असतात, पण कान मोकळे असतात. मात्र यंत्राच्या आवाजात ते अर्धेच मोकळे. म्हणून हातशिलाईचे काम, काजे-बटणे, तुरपाई, या वेळेसाठी राखून ठेवावे आणि मुलाला मोठ्याने वाचावयास लावावे. अडखळला की थांबवावे, पुन्हा वाचवावे. वाचून झाले की, "काय सांगितले त्यात, मला सांग," एवढे विचारावे. ज्याला दुसऱ्याला सांगता येते त्याला ते आलेले असते. यासाठी विचारणाऱ्याला अक्षरओळख असण्याचीही गरज नाही. आमचे स्वतःचे शिक्षण बरेचसे असेच, संघटनेच्या कचेरीत कामगारांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवताना झाले आहे. ऐकणारे एकही चूक सोडीत नसत.

वेळ थोडी असावी, पण ठरलेली असावी. लहान पोराला एका बैठकीला वीस मिनिटे पुरतात. फोन एक आणि मुले दोन असतील तर पाळी लावून ती कागदावर लिहून भिंतीवर चिकटवावी. तोंडी ठरलेली पाळी मोठा भाऊ मोडतो आणि बहिणीची बुडते, हे नेहमीचे आहे. स्वाध्याय आईबापांनी लिहून पाठवू नयेत. २०२० साली ज्या सुबक वह्यांची छायाचित्रे शिक्षकांकडे गेली, त्यांतले अक्षर कोणाचे होते हे शिक्षकांना कळत नव्हते असे नाही. आणि बाप घरी असेल तर त्याने ही वेळ स्वतःकडे घ्यावी. माडीवरच्या संगणकवाल्यालाही हे लागू आहे: सभेत कान लावून बसलेल्या बापाने मान डोलावली तर ती साहेबासाठी की पोरासाठी, हे पोराला बरोबर कळते.

दुसरा प्रश्न मागणीचा आहे. काम देणाऱ्या ठेकेदाराला बाईची वेळ दिसत नाही, नग दिसतात. तेव्हा मागणीही नगांच्या भाषेत मांडावी लागते. संध्याकाळी माल देऊन सकाळी परत मागण्याची पद्धत बंद करा, कमीत कमी दोन दिवसांची मुदत द्या. दोरा आणि विजेचे पैसे मजुरीत धरा, म्हणजे तेवढे नग कमी केले तरी चूल पेटते. एकटी बाई हे बोलली तर दुसऱ्या दिवशी माल दुसरीकडे जातो. गल्लीतल्या दहाजणी बोलल्या तर तो फिरून तेथेच येतो. घरी काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ सालीच करार, क्रमांक १७७, केला आहे. इतर मजुरांना मिळते ती वागणूक यांना मिळावी, हे त्याचे सूत्र. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

शाळा उघडल्या म्हणून हा विषय संपला असे मात्र नाही. दूरशिक्षण आपल्याकडे साथीच्या आधीपासून आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ सालचे. आणि खेड्यापाड्यांत सर्वांच्या ओळखीचा आहे तो 'सतरा नंबरचा फॉर्म', जो भरून शाळेत न जाता दहावी-बारावीच्या परीक्षेला बसता येते. नेरमध्ये हा फॉर्म भरणाऱ्यांत आता यंत्रावर बसणाऱ्या मोठ्या मुलीही असतात. आठवी-नववीत शाळा सुटली ती सुटलीच. आपले मंडळ अमरावतीचे आहे. फॉर्म संकेतस्थळावर भरावयाचा असतो, शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते. अशी मुलगी घरात असेल तर दाखला आताच शोधून ठेवावा. बहुतेक वेळा तो जुन्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या घडीत सापडतो. न सापडल्यास शाळेतून दुसरी प्रत मागावी, तिला वेळ लागतो.