आधी मशीनचं वजन विचारा

घरगुती सीएनसी मिलिंग मशीनची जाहिरात उघडली की आधी टेबलचं माप दिसतं, मग स्पिंडलचे आरपीएम, मग कंट्रोलरचं कौतुक. वजन अगदी शेवटी असतं, कित्येकदा नसतंच. ज्याला धातू कापायचा आहे त्याने वाचायला सुरुवात त्या शेवटच्या ओळीपासून करावी. लाकूड, अॅक्रिलिक, पीसीबी यांना हलकं मशीन पुरतं. अॅल्युमिनिअमला ते कसंबसं चालतं. पोलादाला कटर लागला की मात्र सगळा सांगाडा थरथरतो, जॉबवर लाटा उमटतात आणि कार्बाइडचा कटर टिचकन मोडतो.

यामागचं गणित साधं आहे. एका टोकाला घट्ट धरलेल्या दांड्याच्या दुसऱ्या टोकावर जोर लावला तर तो वाकतो. लांबी दुप्पट केली की वाकणं आठपट होतं. जाडी दुप्पट केली की ते सोळाव्या हिश्श्यावर येतं. कटर कोलेटमधून 15 मिमी बाहेर ठेवायचा की 30 मिमी, इथपासून मशीनचा उभा खांब किती उंच आणि किती जाड, इथपर्यंत हाच नियम लागू आहे. त्यात अॅल्युमिनिअमचा ताठपणा पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश. म्हणून अॅल्युमिनिअमच्या पोकळ प्रोफाइलचे तुकडे बोल्टने जोडून केलेला सांगाडा दिसायला कितीही नेटका असला, तरी बिडाच्या ओतीव खांबाची बरोबरी करत नाही. बिडाचा आणखी एक गुण म्हणजे ते कंप स्वतःतच जिरवतं. मशीन टूलचे बेड इतकी वर्षं बिडाचेच ओतले जातात, त्याचं हे एक मोठं कारण.

सगळ्यात स्वस्त पायरी म्हणजे 3018 नावाने विकली जाणारी चिनी मशीन. 300 बाय 180 मिमीचं टेबल, प्रोफाइलचा सांगाडा, छोटी डीसी मोटर. जी-कोड म्हणजे काय, झिरो कसा घ्यायचा, हे शिकायला ती उत्तम. तिच्यावर अॅल्युमिनिअमही कापता येतं, पण एका पासमध्ये मिलिमीटरचा दहावा हिस्सा, फार तर दुप्पट. बारा मिमीच्या प्लेटमधून दुर्बिणीच्या माउंटचा ब्रॅकेट काढायचा तर किती पास लागतील, ते मनाशी मोजून पाहावं.

त्यावरची पायरी 6040 छापाच्या राउटरची, आणि फसगत इथेच जास्त होते. स्पिंडल 2.2 किलोवॉटचा, 24,000 आरपीएमचा. आकडे वाचून कुणालाही वाटेल की आता पोलादही कापलं जाईल. कापण्याचा वेग मिनिटाला किती मीटर हे ठरलं की त्याला 1000 ने गुणून 3.14 आणि कटरच्या व्यासाने भागायचं, म्हणजे आरपीएम मिळतात. माइल्ड स्टीलला 6 मिमीचा कार्बाइड एन्डमिल मिनिटाला 90 मीटरने चालवायचा तर येतात साधारण 4,800. हायस्पीड स्टीलचा कटर असेल तर 1,300 च्या आसपास. राउटरचा स्पिंडल पूर्ण ताकद देतो ती वरच्या टोकाला. 4,800 वर आणला की त्याची ताकद पाचव्या हिश्श्यावर, साडेचारशे वॉटच्याही खाली येते. पंखा शाफ्टवरच असलेला एअर-कूल्ड स्पिंडल असेल तर त्या वेगाला तो गरमही होतो. अॅल्युमिनिअमला मात्र हाच स्पिंडल शोभतो. तिथे त्याच कटरला 8,000 आणि त्यापुढचे आरपीएम हवेच असतात.

मशीन कमजोर असलं की माणूस सहज फीड कमी करतो. हळू चालवलं की कटर वाचेल, असं वाटतं, होतं उलटंच. तीन दातांचा कटर 8,000 आरपीएमला मिनिटाला 600 मिमी पुढे सरकला तर प्रत्येक दात 0.025 मिमी जाडीची चिप काढतो, आणि ती चिप जाताना उष्णता घेऊन जाते. फीड 100 वर आणला की दाताच्या वाट्याला 0.004 मिमी येतात. मग तो कापत नाही, घासतो. धातू तापतो, अॅल्युमिनिअम कटरच्या खाचांत चिकटून बसतं आणि पुढच्या क्षणी कटर जातो. फीड कमी करण्यापेक्षा कटची खोली कमी करावी, आणि कापताना हवेचा झोत चालू ठेवावा.

छोट्या कामांसाठी मला कॅलिफोर्नियातल्या शेरलाइनच्या मशीनविषयी आदर आहे. वजन वीस किलोच्या आत, स्पिंडल 2,800 आरपीएमचा. तरी घड्याळाचे किंवा मॉडेल इंजिनचे पोलादी भाग ती हलक्या कटमध्ये नीट काढते, कारण तिचा पसाराच छोटा आहे. म्हणजे वजन पाहायचं ते टेबलच्या मापाच्या हिशेबात. जुन्या येझदी मोटरसायकलचा ब्रॅकेट, ईएन-8 पोलादाचा ब्लॉक असली कामं असतील तर शांघायच्या सीगची एक्स-3 किंवा तिच्या जातीची बेंच मिल पाहावी. तिचं वजन दीडशे किलोच्या वर आहे. तयार सीएनसीच हवी असेल तर विस्कॉन्सिनच्या टॉर्मॅकने 2015 च्या सुमारास आणलेली पीसीएनसी 440 हा चांगला मापदंड आहे: साधारण 200 किलो, 10,000 आरपीएम, सिंगल फेजवर चालणारी. किंमत तेव्हा पाच हजार डॉलरच्या आत सुरू होत होती. पण परदेशातल्या किमतीवर जहाजाचं भाडं, आयात शुल्क आणि जीएसटी चढल्यावर जो आकडा येईल, तोच आपल्यासाठी खरा.

साधी बेंच मिल घेऊन तिला बॉलस्क्रू आणि मोटरी बसवणं, हा मार्ग मला सगळ्यात पटतो. एनसी मशीनचा जन्मही तसाच झाला. 1952 मध्ये एमआयटीत जे मशीन जगाला दाखवलं, ते मुळात सिनसिनाटी कंपनीचं जडशीळ हायड्रो-टेल मिलिंग मशीन होतं. कंट्रोल त्याला नंतर जोडला. मोटरी आणि कंट्रोलर केव्हाही बदलता येतात. लिनक्ससीएनसी तर फुकट आहे आणि फ्रीकॅडमध्ये टूलपाथही काढता येतो. बीड मात्र नंतर घालता येत नाही. पण नुसत्या वजनावर भाळूनही चालत नाही. एचएमटीची जुनी एफएन-2 मिल स्वस्तात मिळाली म्हणून काहीजण हुरळून जातात. ती टनाच्या वर भरते, तिला थ्री फेज लागतो आणि तळमजल्याची पक्की जमीन लागते.

जाहिरातीत 0.003 मिमी अचूकता लिहिलेली दिसते, तीही तपासून घ्यावी. मोटरचे एका फेऱ्यात 200 स्टेप, ड्रायव्हरने प्रत्येकाचे केलेले आठ भाग आणि 5 मिमी लीडचा स्क्रू, एवढ्या भागाकारातून तो आकडा येतो. स्क्रू आणि नट यांच्यातल्या ढिलाईचा, म्हणजे बॅकलॅशचा, त्यात हिशेबच नसतो. साध्या स्क्रूमध्ये बॅकलॅश 0.1 मिमी असणं नवलाचं नाही. सॉफ्टवेअर त्याची भरपाई करतं, पण क्लाइंब मिलिंगमध्ये कटर टेबलला स्वतःकडे ओढतो तेव्हा टेबल धरून ठेवणं सॉफ्टवेअरच्या हातात नाही. त्यासाठी बॉलस्क्रूच हवा.

पैसे ठेवताना मशीनच्या किमतीच्या निम्मी रक्कम बाजूला काढावी. चांगला व्हाइस, कोलेट, एन्डमिल, पॅरलल, एज फाइंडर, डायल गेज, कॉम्प्रेसर यांतच ती संपते. स्वस्त व्हाइसचा जबडा कसताना उचलला जातो आणि मशीन कितीही चांगलं असलं तरी जॉब तिरका निघतो. मशीनला वेगळी लाइन आणि खरं अर्थिंग द्यावं. ड्रायव्हरचा डबा बंद असावा, कारण अॅल्युमिनिअमचा भुगा वीज वाहून नेतो. एचई-30 जातीचं अॅल्युमिनिअम कापताना रॉकेल मारायची आपल्याकडची जुनी सवय बंद खोलीत नकोच.

विक्रेत्याकडे गेलात तर एचई-30 च्या तुकड्यावर 50 मिमीचा गोल बाहेरून फिनिश कट मारून मागा. गोल काढताना दोन्ही अक्ष मिळून चार ठिकाणी दिशा बदलतात, आणि बॅकलॅश असेल तर नेमक्या त्या चार जागी पायरी उमटते. गोलाच्या कडेवरून नख फिरवा, मग व्हर्नियरने आडवा, उभा आणि तिरपा व्यास मोजा. त्यानंतर टेबलवर डायल गेज लावून स्पिंडलचं डोकं हाताने जोरात दाबून पाहा. काटा सरकला आणि हात काढल्यावर मूळ जागी आला नाही, तर काय ढिलं आहे ते पैसे देण्याआधी विचारा.