नवरां छो?

सांताक्रूझच्या जुन्या सोसायट्यांमध्ये एक प्रसंग कधी ना कधी घडतोच. नव्याने राहायला आलेल्या मराठी सुनेला समोरच्या दारातल्या गुजराती काकी हसून विचारतात, "नवरां छो?" सून गडबडते आणि "ते ऑफिसला गेलेत," असं काहीतरी सांगून मोकळी होते. काकींना विचारायचं असतं एवढंच, की हातात काही काम नसेल तर घटकाभर बसायला येतेस का? गुजरातीत 'नवरो' म्हणजे रिकामा, बिनकामाचा. मराठीतला 'नवरा' आला 'नववर' या शब्दावरून. दोन्ही अर्थ एकाच माणसाला लागू पडतात, हा विनोद इथल्या जिन्यांमध्ये फार जुना आहे.

चिनी आणि जपानी माणसांची अशीच पंचाईत होते. जपानने लिपी चीनकडून घेतली आणि तिच्याबरोबर हजारो शब्दही घेतले. पुढे दोन्हीकडे शब्द आपापल्या वाटेने गेले. 'हात' आणि 'कागद' ही दोन चिन्हं शेजारी शेजारी लिहिली की जपानी माणूस 'तेगामी', म्हणजे पत्र, असं वाचतो. चिनी माणसाला तिथे संडासातला कागद दिसतो. जपानीत 'बेंक्यो' म्हणजे अभ्यास. तीच चिन्हं चिनीत वाचली तर अर्थ निघतो नाइलाजाने, मन मारून केलेली गोष्ट. दहावीच्या मुलांना यात काही फरक वाटणार नाही.

वाक्प्रचारांचंही तेच. 'च्वांग-त्झ' या प्राचीन चिनी ग्रंथात एका माकडवाल्याची गोष्ट आहे. सकाळी तीन आणि संध्याकाळी चार फळं देतो म्हटल्यावर माकडं खवळली; मग सकाळी चार, संध्याकाळी तीन देतो म्हटल्यावर खूश झाली. 'सकाळी तीन, संध्याकाळी चार' असं जपानी माणूस म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात ही फसलेली माकडंच असतात. आजचा चिनी माणूस मात्र तेच शब्द धरसोड वृत्तीच्या, आज एक तर उद्या दुसरंच म्हणणाऱ्या माणसाबद्दल वापरतो.

आपल्याकडे चिनी लिपीची ही जागा संस्कृतने घेतली. सांताक्रूझ पूर्वेला मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात मराठी, हिंदी आणि गुजराती विभाग एकाच आवारात आहेत. तिथला मराठी किंवा गुजराती विद्यार्थी 'संशोधन' करतो तेव्हा पीएचडीसाठी खपत असतो. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. संसदेत 'संविधान संशोधन' होतं, त्याला मराठी वर्तमानपत्रं 'घटनादुरुस्ती' म्हणतात. आता हिंदीत 'घटना' म्हणजे घडलेला प्रसंग. तेव्हा घडून गेलेला प्रसंग हे मराठी लोक दुरुस्त कसा करतात, असा प्रश्न उत्तरेकडच्या माणसाला पडला तर त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

सगळ्यात गाजलेला शब्द 'शिक्षा'. संस्कृतात 'शिक्ष्' म्हणजे शिकणं आणि 'शिक्षा' हे वेदांग उच्चारशास्त्राचं. हिंदीने शिकण्याचा अर्थ ठेवला, मराठीने मास्तरांची छडी उचलली. 'धडा शिकवणे' आणि 'चांगलंच शिकवलं त्याला' हे वाक्प्रचार पाहिले की मराठीचा प्रवास कसा झाला असेल ते कळतं. केंद्राचं 'सर्व शिक्षा अभियान' 2001 च्या सुमारास आलं आणि त्याच नावाने महाराष्ट्रातल्या शाळांच्या भिंतींवर झळकलं. राज्यात ते राबवणारी संस्था मात्र 'महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद'! 2018 मध्ये ही योजना 'समग्र शिक्षा'मध्ये सामावली गेली. सरसकट होती, ती संपूर्ण झाली.

राज्यघटनेचा अनुच्छेद 351 सांगतो की हिंदीने नवे शब्द मुख्यत्वे संस्कृतातून घ्यावेत. संस्कृत शब्द साऱ्या देशाला आपोआप कळतील, ही त्यामागची आशा असणार. गोची इथेच होते. इंग्रजी शब्द अडला की माणूस शब्दकोश उघडतो. देवनागरीतला ओळखीचा शब्द दिसला की तो कळलाच असं धरून चालतो. उडप्याच्या हॉटेलातला कन्नड मालक 'उपन्यास' ऐकून व्याख्यान समजतो, हिंदीवाला कादंबरी. मराठी बाई 'तिला दिवस गेलेत' म्हणते तेव्हा हिंदी शेजारणीला त्यात फक्त निघून गेलेले दिवस ऐकू येतात, बाळाची चाहूल लागत नाही.

संस्कृत शब्द जपानपर्यंतही पोचले आहेत. 'दान' हा शब्द बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमार्गे तिथे गेला, दाता झाला, मग यजमान, मग मालक. आज जपानी बायका 'दान्ना' म्हणतात तो नवऱ्याला. तो रिकामा आहे की कामात, हे मात्र त्यातून कळत नाही.

मुंबईत 1822 पासून निघणारं 'मुंबई समाचार' हे गुजराती वर्तमानपत्र सांताक्रूझच्या गुजराती घरांतही वाचलं जातं. मराठी वाचकाने शेजाऱ्याकडून गुजराती पेपर मागून घेतला, तर दोन शब्दांपाशी जरा थांबावं. त्यात 'अकस्मात' दिसला तर तो अपघात समजावा. आणि 'आपघात' दिसला तर ती आत्महत्या असते.