मुक्त अक्षरांचा योगक्षेम

मुंबईत काळबादेवीच्या परिसरात जावजी दादाजी यांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. खिळे ओतण्याचा कारखाना त्यांनी त्यापूर्वीच काढला होता. निर्णयसागरचे देवनागरी वळण पुढे देशभर नावाजले गेले आणि संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध व सुबक छपाईसाठी विद्वान मंडळी त्याच छापखान्याची वाट धरू लागली. त्या काळी अक्षर शिशाचे होते व त्याला वजन होते. हजारो छाप उठल्यानंतर खिळा झिजे, वेलांटीचे टोक तुटे, रफार बोथट होई आणि मग तो खिळा वितळवून पुन्हा ओतावा लागे. झीज डोळ्यांना दिसत असल्यामुळे देखभालीचा खर्च कोणी करावयाचा याविषयी वाद उद्भवत नसे. छापखान्याचा मालक तो खर्च करी व पुस्तकाच्या किमतीतून वसूल करी.

आज आपण वाचतो ते बहुतेक अक्षर म्हणजे संगणकाची आज्ञावली होय. तहसील कचेरीतील दाखला, ग्रामपंचायतीचा ठराव, शाळेचा निकाल हे सारे कागदावर उमटण्यापूर्वी संगणकातील टंकातून जाते. यांपैकी पुष्कळ टंक आणि ते पडद्यावर उमटविणाऱ्या आज्ञावली 'मुक्तस्रोत' आहेत. ज्या आज्ञावलीची मूळ संहिता कोणालाही पाहता येते, वापरता येते, तीत बदल करता येतो व बदललेल्या स्वरूपात ती पुन्हा वाटता येते, तिला मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात. ती वापरण्यास दाम पडत नाही, म्हणून तिला खर्चच नाही, अशी समजूत सर्वत्र आढळते. या लेखाचा विषय तो न दिसणारा खर्च हा आहे.

या क्षेत्रात मुंबईचे कार्य जुने आहे. सुलेखनकार रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६-२००८) हे पवईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत अध्यापक होते व पुढे ते मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात कार्य करू लागले. विंडोज प्रणालीतील 'मंगल' हा परिचित टंक त्यांच्याच आराखड्याचा. मात्र तो कंपनीच्या मालकीचा राहिला. त्यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झालेला 'रघू' हा टंक मात्र मुक्त परवान्याखाली सर्वांना देण्यात आला. २००४ साली रेड हॅट कंपनीने 'लोहित' ही भारतीय लिप्यांची टंकमाला मुक्त केली. त्यानंतर मुंबईतील 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाने 'मुक्त' व 'बालू' यांसारखे टंक तयार केले. आज ते गूगलच्या टंकसंग्रहातून कोणालाही विनामूल्य घेता येतात. राज्य मराठी विकास संस्थेचे 'यशोमुद्रा' व 'यशोवेणू' हे टंकही वाचकांपैकी अनेकांच्या संगणकावर असतील.

न झिजणाऱ्या अक्षराची झीज

संगणकातील अक्षर झिजत नाही, हे खरे. पण त्याच्या भोवतीचे जग बदलते आणि ते अक्षर जागच्या जागी जुने होते. 'ॲप', 'ॲड.' या शब्दांतील 'ॲ' हे अक्षर युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत २००८ साली समाविष्ट झाले. रुपयाचे '₹' हे चिन्ह भारत सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले व त्याच वर्षी त्याला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. (हे चिन्ह रेखाटणारे उदय कुमार हेही पवईच्याच संस्थेचे.) याचा अर्थ असा की, २००४ साली सर्वांगपरिपूर्ण असलेल्या टंकात सहा वर्षांनी दोन अक्षरे कमी पडू लागली. ज्या टंकाकडे कोणी लक्ष दिले नाही, त्यात त्या जागी रिकामी चौकट दिसू लागली. अंदाजपत्रकाच्या तक्त्यात रुपयाच्या जागी चौकट उमटली, तर कारकून संगणकाला दोष देतो. वस्तुतः कोठेतरी एक दुरुस्ती करावयाची राहून गेलेली असते.

मराठीच्या बाबतीत आणखी बारकावे आहेत. पाकळीचा 'ल' व देठाचा 'श' ही आपली वळणे हिंदी वळणांहून निराळी आहेत. 'दऱ्या', 'चऱ्हाट' या शब्दांतील अर्धा 'र' मराठीला नित्य लागतो. शासनाने वर्णमाला व लिपी यांविषयीचा निर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी काढला आणि १० नोव्हेंबर २०२२ रोजी त्यासंबंधी सुधारित निर्णय निर्गमित केला. शासन निर्णय निघाला की पाठ्यपुस्तके बदलतात. टंक मात्र आपोआप बदलत नाहीत. त्यांच्या मूळ संहितेत कोणा जाणकाराला हात घालावा लागतो, प्रत्येक जोडाक्षर तपासावे लागते. हे तपासण्याचे काम कंटाळवाणे आहे आणि त्याचे उद्घाटन होत नाही.

टंकाच्याही खाली आणखी एक थर असतो. क, हलन्त व ष हे एकापुढे एक आले असता त्यांचा 'क्ष' करावयाचा, हे काम 'हार्फबझ' नावाची मुक्तस्रोत आज्ञावली अँड्रॉइड भ्रमणध्वनीत व लिबरऑफिससारख्या प्रणालीत करते. कोट्यवधी मराठी शब्द रोज तिच्या हातून जातात. तिची देखभाल करणारी माणसे मोजकी आहेत.

मोजक्या माणसांवर अवलंबून राहण्यातील धोका जगाने दोनदा तरी स्पष्टपणे पाहिला आहे. एप्रिल २०१४ मध्ये 'ओपनएसएसएल' या आज्ञावलीत 'हार्टब्लीड' नावाचा गंभीर दोष आढळला. इंटरनेटवरील बँक-व्यवहारांसह असंख्य व्यवहारांची गुप्तता तिच्यावर विसंबून होती. पण तिला देणग्यांतून मिळणारी रक्कम वर्षाला सुमारे २,००० डॉलर होती आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता. दुसरी घटना २०२४ ची. 'एक्सझेड' ही धारिका संक्षिप्त करणारी आज्ञावली एक गृहस्थ वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने, विनावेतन सांभाळीत होते. कामाला उशीर होतो अशा तक्रारींचा मारा त्यांच्यावर झाला. त्याच सुमारास मदतीस आलेल्या एका टोपणनावाच्या व्यक्तीने चिकाटीने काम करून विश्वास संपादन केला, अधिकार मिळविले आणि अखेर आज्ञावलीत चोरदरवाजा बसविला. मार्च २०२४ च्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा विलंब का होतो याचे कुतूहल वाटले, म्हणून ते कारस्थान उघडकीस आले. येथे पैशाच्या तुटीपेक्षा माणसाचे एकटेपण अधिक घातक ठरले, असे मला वाटते.

वर्गणीचा हिशेब

सार्वजनिक कार्य वर्गणीवर चालविण्याचा अनुभव गिरगाव-लालबागला नवा नाही. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीतील गणेशोत्सव १८९३ पासूनचा आहे, चिंचपोकळीच्या मंडळाची स्थापना १९२० ची, तर लालबागच्या मंडळाची १९३४ ची. मंडळ शंभर वर्षे टिकते ते केवळ पावतीपुस्तकामुळे टिकत नाही. मांडवाचे दोर धरणारा मुलगा पुढे वर्गणीला फिरतो, नंतर खजिनदार होतो आणि त्याच्या मागे दुसरा मुलगा दोर धरण्यास उभा असतो. शिवाय सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या मंडळाला जमाखर्च ठेवावा लागतो, लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. परळ-लालबागच्या गिरणगावात कोकणातील व घाटावरील एकेका गावच्या कामगारांची सामाईक खोली असे. दरमहा ठरलेला वाटा देऊन ती चालविली जाई. उत्सवाच्या वर्गणीपेक्षा या खोलीच्या भाड्याशी मुक्तस्रोत आज्ञावलीचे साम्य अधिक आहे. उत्सवाला देणारे हात पुष्कळ असतात. श्रावणात गळणाऱ्या छपरासाठी पैसे मागणे कठीण असते.

नव्या टंकाच्या निर्मितीस पुरस्कर्ता मिळतो. गूगलसारखी कंपनी तो खर्च करते, शासन अनुदान देते, प्रकाशन समारंभ होतो. दहा वर्षांनंतरच्या दुरुस्तीस पुरस्कर्ता मिळणे अवघड जाते. यावर निरनिराळे उपाय योजले गेले आहेत. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने 'ईआरपीनेक्स्ट' ही व्यवसाय-व्यवस्थापनाची आज्ञावली मुक्त ठेवली आणि ती चालवून देण्याच्या सेवेचा मोबदला घेण्याचा मार्ग पत्करला. हा मार्ग हिशेबाच्या आज्ञावलीला जमतो, टंकाला जमत नाही. कारण टंकाची सेवा विकत घेणारा कोणी नसतो. झेरोधा या भारतीय कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरपर्यंतचा निधी जाहीर केला. प्रकल्पाने आपली आर्थिक गरज ठरावीक नमुन्यात उघडपणे मांडावी, अशी त्याची अट आहे. जर्मनीने २०२२ साली यासाठी सरकारी निधीच उभा केला आणि त्यातून मुख्यतः पायाभूत आज्ञावलींच्या देखभालीस पैसे दिले जातात.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०१५ साली मुक्तस्रोत आज्ञावली स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. निविदा काढताना तिचा विचार प्राधान्याने व्हावा, असे ते सांगते. तथापि त्या धोरणाचा भर वापरावर आहे. कार्यालयीन व्यवहारातील अडचण अशी की, विकत घेतलेल्या यंत्राचा वार्षिक देखभाल करार होतो, त्याचे देयक येते, त्याला लेखाशीर्ष असते. मुक्तस्रोत आज्ञावलीचे देयकच येत नाही आणि देयकावाचून खर्च दाखविता येत नाही. जी वस्तू फुकट मिळाली तिच्यासाठी तरतूद मागणाऱ्या अधिकाऱ्यावर लेखापरीक्षकाचा आक्षेप येणार, हे उघड आहे.

तरीही हे तत्त्व राज्याच्या कारभारात अपरिचित नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला आणि गावोगावच्या मान्यताप्राप्त ग्रंथालयांना 'परिरक्षण अनुदान' मिळू लागले. परिरक्षण हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ग्रंथालय सुरू केल्याबद्दलचे ते बक्षीस नव्हे. ते उघडे ठेवण्यासाठी दरवर्षी दिलेले साहाय्य आहे. उरलेला भार सभासदांची वर्गणी व देणग्या उचलतात, आणि ग्रंथालयाला वार्षिक अहवाल सादर करावा लागतो. मराठीसाठी आवश्यक असणाऱ्या टंकांची, शुद्धलेखन-तपासणीच्या आज्ञावलींची यादी करून त्यांच्या परिरक्षणासाठी अशाच धर्तीवर लहानसे अनुदान ठेवता येईल. त्याला ग्रंथालयांप्रमाणेच अहवालाची अट घालावी व एका प्रकल्पावर किमान दोन जाणकार असावेत असा नियम करावा.

तोवर कार्यालये व शाळा यांना करता येण्याजोगे एक काम आहे. एखादे जोडाक्षर तुटलेले दिसले, 'ॲ'च्या जागी चौकट आली, तर ते कागदावर हाताने दुरुस्त करून पुढे पाठविले जाते आणि दोष तसाच राहतो. त्याऐवजी टंकाचे नाव, आवृत्ती, शब्द व पडद्याचे छायाचित्र एवढे त्या टंकाच्या कर्त्यांना कळवावे. बहुतेक मुक्तस्रोत प्रकल्पांत अशा तक्रारी नोंदविण्याची सोय असते. संगणक विषय शिकविणाऱ्या शिक्षकांनी इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांकडून एका टंकातील सर्व जोडाक्षरांची तपासणी करून घेतली, तरी ते काम दोन तासिकांत होते.