दोन मिनिटं तीस सेकंदांचं अंतर

२१ सप्टेंबर २०२५. रवांडाची राजधानी किगाली. रस्त्यावरील सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा पहिल्यांदाच आफ्रिका खंडात आली होती आणि पहिल्याच दिवशी टाइम ट्रायल होती, म्हणजे एकेका स्पर्धकाने घड्याळाशी खेळायची शर्यत. शेवटून दुसरा निघाला स्लोव्हेनियाचा तादेई पोगाचार. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याने चौथ्यांदा टूर द फ्रान्स जिंकली होती. त्याच्यानंतर अडीच मिनिटांनी, सर्वांत शेवटी, बेल्जियमचा रेम्को एवेनेपूल निघाला. ४०.६ किलोमीटरची वाट जवळजवळ सरली आणि किमिहुरुराच्या फरसबंद चढावर प्रेक्षकांना एकाच नजरेत दोघे दिसले. चढ संपायच्या आत एवेनेपूल पोगाचारला मागे टाकून पुढे गेला होता.

सायकलिंगच्या चाहत्यांमध्ये त्या संध्याकाळी दुसरा विषय नव्हता. पोगाचारच्या चाहत्यांना हे पचेना. एवेनेपूलचे चाहते म्हणत होते, आम्ही सांगतच होतो. एवेनेपूलचं टाइम ट्रायलमधलं हे सलग तिसरं जगज्जेतेपद होतं, तेव्हा त्याच्या जिंकण्याचं नवल कुणालाच नव्हतं. चाहत्यांना हलवून सोडलं ते त्या दृश्याने. टाइम ट्रायलमध्ये असं दृश्य का दुर्मीळ असतं आणि मग प्रेक्षक एरवी नेमकं काय पाहतात, हे समजलं की या खेळाची गोडी लागते.

एकट्याची शर्यत

नेहमीच्या रस्ता शर्यतीत सगळे एकत्र निघतात आणि घोळक्याने जातात. पुढचा वारा अंगावर घेतो, मागचा त्याच्या आडोशाने बरीच शक्ती वाचवतो. डावपेच, सहकाऱ्यांची मदत, शेवटची झेप, सगळं त्या घोळक्यात घडतं. टाइम ट्रायलमध्ये यातलं काहीच नाही. स्पर्धक ठरावीक अंतराने एकेक करून सुटतात, वारा ज्याचा त्याने कापायचा. पुढच्याला गाठलंच तर त्याच्या मागे दडायला बंदी. बाजूने किमान दोन मीटर जागा सोडून पुढे जायचं आणि गाठला गेलेल्याने एका किलोमीटरनंतर किमान पंचवीस मीटर दूर राहायचं, असा आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाचा नियम आहे. म्हणूनच सायकलपटू या प्रकाराला ‘सत्याची शर्यत’ म्हणतात. इथे पाय खोटं बोलू शकत नाहीत.

सपाटीवर ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास स्पर्धकाची बहुतेक शक्ती हवा कापण्यातच जाते. वेग दहा टक्के वाढवायचा तर ताकद साधारण एक तृतीयांशाने जास्त लावावी लागते. म्हणून मागचं चाक भरीव तबकडीचं, हेल्मेट निमुळतं, कपडे अंगाला चिकटलेले, हात पुढच्या दांड्यांवर जोडलेले आणि पाठ जमिनीला समांतर. तासभर याच अवस्थेत बसायचं. सुरुवातीला हुरूप येऊन जास्त जोर लावला तर शेवटच्या चढावर पाय जड होतात आणि राखून खेळलं तर वेळ हातची जाते. किगाली दीड हजार मीटर उंचीवर वसलेलं डोंगराळ शहर आहे. तिथली विरळ हवा कापायला सोपी असली तरी श्वासाला अपुरी पडते.

प्रेक्षकांपासून लपून जन्मलेला खेळ

गंमत म्हणजे हा प्रकार जन्माला आला तो कुणी पाहू नये म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रस्त्यावरच्या सायकल शर्यतींमुळे घोडागाड्यांचे अपघात होऊ लागले, पोलिसांचा त्रास वाढला आणि तिथल्या सायकल संघटनेने अशा शर्यतींना मनाई केली. त्यावर फ्रेडरिक थॉमस बिडलेक या सायकलपटू संयोजकाने तोड काढली. १८९५ सालच्या ऑक्टोबरात त्याने स्पर्धकांना एकेक करून, मध्ये अंतर ठेवून सोडलं. घोळका नसेल तर शर्यत चालली आहे हे कळणार कुणाला? पुढे ही पद्धतच पडली. पहाटे निघायचं, काळे कपडे घालायचे, नंबर लावायचा नाही, मार्गाचं नाव गुप्त संकेतात लिहायचं. ब्रिटनमध्ये टाइम ट्रायलच्या मार्गांना आजही सांकेतिक क्रमांकांनीच ओळखतात.

जागतिक स्पर्धेत हा प्रकार बऱ्याच उशिरा आला. १९९४ साली सिसिलीत पहिलं जगज्जेतेपद दिलं गेलं आणि ते जिंकलं ब्रिटनच्याच ख्रिस बोर्डमनने. एकतीस वर्षांनी किगालीत याच शर्यतीसाठी स्पर्धेच्या आठवड्यात शाळांना सुट्टी होती आणि टेकड्यांच्या उतारांवर माणसं दाटीवाटीने उभी होती. लपूनछपून सुरू झालेल्या खेळाला एवढी गर्दी लोटली, तरी एक अडचण कायम आहे. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला एक सायकलस्वार येताना दिसतो आणि जाताना दिसतो. तो जिंकतोय की हरतोय, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. या शर्यतीतलं खरं अंतर वेळेत असतं आणि वेळ डोळ्यांना दिसत नाही.

जयपूरची सावली

वेळ दिसते ती जयपूरला. तिथल्या जंतरमंतरमध्ये सवाई जयसिंह दुसरे यांनी अठराव्या शतकात उभारलेलं सम्राट यंत्र म्हणजे जगातलं सर्वांत मोठं दगडी छायायंत्र आहे. सत्तावीस मीटर उंचीची त्याची तिरपी भिंत जयपूरच्या अक्षांशाइतक्याच कोनात झुकलेली आहे. तिची सावली दोन्ही बाजूंच्या संगमरवरी चापांवर पडते आणि सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. दोन सेकंदांपर्यंतची वेळ मोजता येईल अशा बारीक खुणा त्यावर कोरलेल्या आहेत. चाप जितका मोठा तितकं एका सेकंदाच्या वाट्याला येणारं अंतर जास्त, म्हणून यंत्र एवढं अवाढव्य बांधलं. मराठी वाचकाला आणखी एक धागा जवळचा वाटेल. जयसिंहांच्या दरबारातले प्रमुख ज्योतिषी पंडित जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय ब्राह्मण मानले जातात. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा खगोलग्रंथ त्यांनी अरबीतून संस्कृतात आणला.

या चापावर किगालीची शर्यत मांडून पाहावी. अडीच मिनिटांत सावली जेमतेम पंधरा सेंटीमीटर सरकेल, म्हणजे वीतभरही नाही. तेवढ्याच वेळात एवेनेपूलने त्याच्या त्या दिवशीच्या सरासरी वेगाने दोन किलोमीटर कापले असते. ही दोन किलोमीटरची आघाडी पोगाचारच्या हातात सुरुवातीपासून होती आणि ती चाळीस किलोमीटरांत पूर्ण वितळली. एवेनेपूलने ४९ मिनिटं ४६ सेकंदांत शर्यत संपवली. ऑस्ट्रेलियाचा जे वाइन सव्वा मिनिट मागे राहून दुसरा आला आणि बेल्जियमचाच इलान व्हान विल्डर तिसरा. पोगाचार चौथा. त्याचं कांस्यपदक अवघ्या एका सेकंदाच्या आसपास हुकलं. जयपूरच्या चापावर हा फरक एक मिलिमीटर भरतो.

त्या दिवशी पाहणारे इतके हलले ते यामुळेच. एरवी फलकावरच्या आकड्यांतून समजणारा फरक तिथे डोळ्यांसमोर रस्त्यावर उभा राहिला. हिशोब न येणाऱ्यालाही कोण हरतंय ते दिसत होतं.

सेकंदांनी घडवलेले दिवस

बहुतेक वेळा मात्र डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि सगळा खेळ सेकंदांत आटोपतो. २०२१ साली बेल्जियममध्ये, ब्रुजेसच्या अंतिम रेषेवर इटलीच्या फिलिप्पो गान्नाने यजमानांच्या वाउट व्हान आर्टला सहा सेकंदांहूनही कमी फरकाने हरवलं. २०२४ साली झुरिकमध्ये निघायच्या ऐन क्षणी एवेनेपूलच्या सायकलची साखळी उतरली. ती बसवून तो निघाला आणि गान्नापेक्षा ६.४३ सेकंदांनी सरस ठरला.

यातला सर्वांत गाजलेला हिशोब जागतिक स्पर्धेतला नाही, टूर द फ्रान्समधला आहे. १९८९ च्या टूरचा शेवटचा टप्पा व्हर्सायपासून पॅरिसपर्यंतची साडेचोवीस किलोमीटरची टाइम ट्रायल होती. फ्रान्सचा लोराँ फिन्याँ पन्नास सेकंदांनी पुढे होता आणि घरच्या प्रेक्षकांनी विजय गृहीत धरला होता. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने सायकलला ट्रायथलॉनमधल्या पुढे निघणाऱ्या दांड्या लावल्या होत्या आणि डोक्यावर निमुळतं हेल्मेट होतं. फिन्याँ उघड्या डोक्याने, मागे शेंडी उडवत निघाला. लेमाँडने त्या टप्प्यात त्याच्याहून ५८ सेकंद कमी घेतले आणि तीन आठवडे, सव्वातीन हजार किलोमीटरहून अधिक चाललेली शर्यत आठ सेकंदांनी जिंकली. आज प्रत्येक टाइम ट्रायलच्या सायकलवर तशा दांड्या दिसतात.

टाइम ट्रायलमधला राजा रस्ता शर्यतीतही राजा असेलच असं नाही, हेही किगालीने दाखवलं. आठवड्याने, २८ सप्टेंबरला, २६७.५ किलोमीटरची रस्ता शर्यत झाली. पोगाचारने शंभराहून अधिक किलोमीटर बाकी असतानाच हल्ला चढवला, शेवटचे साठाहून अधिक किलोमीटर एकट्याने पार केले आणि विजेतेपद राखलं. एवेनेपूल दुसरा आला. रविवारी गप्प झालेले चाहते पुढच्या रविवारी बोलके झाले.

आपल्याकडे

महाराष्ट्राला सायकल शर्यत नवी नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात उभं राहून ‘घाटाचा राजा’ कोण होतो हे पाहणारी पिढी अजून आहे. पण ती घोळक्याची शर्यत होती, पुढे कोण आहे ते दिसायचं. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय दर्जाची टप्प्यांची शर्यत झाली आणि तिची सुरुवात पुणे शहरातल्या साडेसात किलोमीटरच्या प्रोलॉगने, म्हणजे छोट्या टाइम ट्रायलने झाली. एकेक परदेशी स्पर्धक सुसाट निघून जाताना अनेक पुणेकरांनी पहिल्यांदाच पाहिला. जयपूरच्या सवाई मानसिंग स्टेडियममध्येही सायकलिंगचा वेलोड्रोम आहे. २०२१ च्या डिसेंबरात तिथे राष्ट्रीय ट्रॅक सायकलिंग स्पर्धा झाली. ट्रॅकवरच्या टाइम ट्रायलला प्रेक्षक आणि घड्याळ एकाच आवारात असतात, त्यामुळे समजायला ती सोपी जाते.

हौशी सायकलस्वार तर रोजच टाइम ट्रायल खेळतात. जयपूरच्या नाहरगडाचा चढ असो की पुण्याजवळचा कात्रज घाट, पहाटे एकट्याने चढायचं आणि मोबाइलमधल्या अ‍ॅपवर त्याच चढाची आपली आणि इतरांची वेळ ताडून पाहायची, हे आता सर्रास चालतं. बिडलेकच्या पहाटेच्या शर्यतीचाच हा घरगुती अवतार आहे.

कशी पाहावी?

पुढची जागतिक स्पर्धा सप्टेंबर २०२६ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलला आहे. घरी बसून पाहताना तीन गोष्टींवर लक्ष ठेवावं. पहिली, निघण्याचा क्रम. नाणावलेले स्पर्धक शेवटी निघतात, म्हणून पहिल्या तासातला आघाडीवीर बहुधा फार काळ आघाडीवर राहत नाही. दुसरी, मधल्या टप्प्यांच्या वेळा. पहिल्या टप्प्यावर पाच सेकंद मागे असलेला दुसऱ्या टप्प्यावर बरोबरीत आला, तर त्याने शक्ती राखून ठेवली आहे असं समजावं. तिसरी, खांदे. दमलेल्या स्पर्धकाचे पाय फिरत राहतात, पण खांदे डोलू लागतात आणि डोकं वर येतं. वेळेचा आकडा बदलण्याआधी ही खूण दिसते.

रस्त्यावर उभं राहून पाहणार असाल तर चढ निवडा. तिथे वेग कमी असतो, चेहरा दिसतो आणि स्टॉपवॉच लावून दोन स्पर्धकांमधलं अंतर स्वतः मोजता येतं. फोटोच्या नादात सायकलच्या बाजूने धावू नका, एक धक्का तासाभराची मेहनत वाया घालवतो.

शर्यती भरवणाऱ्यांनाही एक विनंती आहे. पुणे असो वा जयपूर, टाइम ट्रायलच्या वाटेवर तीन-चार ठिकाणी मोठे, ठळक वेळेचे फलक लावा आणि कोण किती सेकंदांनी पुढे आहे ते ध्वनिक्षेपकावरून सांगत राहा. आकडा कळला की प्रेक्षक पुढच्या स्पर्धकासाठीही थांबतात. हा खर्च थोडा आहे, आणि या खेळाला आपल्याकडे चाहते मिळवून देण्याचा याहून सोपा मार्ग नाही.