वहीच्या डाव्या बाजूला प्रश्न हवेत

परीक्षेआधी बारावीच्या मुलाचे जीवशास्त्राचे पुस्तक उघडून पाहिले, तर पानेच्या पाने पिवळी झालेली दिसतात. हायलायटर फिरवताना हात चालतो, पण काय महत्त्वाचे हे मेंदूला ठरवावे लागत नाही. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ‘हे येते’ असा भास होतो. उत्तरपत्रिकेत मात्र नुसती ओळख पुरत नाही, आठवावे लागते.

अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने उतारा चार सत्रांत फक्त वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि पुढची तीन सत्रे न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ६१.

टिपणे याच कामासाठी काढायची. कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेली पद्धत सोपी आहे. पानावर डावीकडे साधारण एक तृतीयांश जागा सोडून उभी रेघ मारायची, तळाशी चार-पाच ओळी रिकाम्या ठेवायच्या. आधी एक उपशीर्षक पेन खाली ठेवून वाचायचे. मग पुस्तक मिटून उजवीकडे स्वतःच्या शब्दांत लिहायचे. राहिलेले, चुकलेले पुस्तक उघडून वेगळ्या शाईने भरायचे. ती शाईच कच्चे दुवे दाखवते. तळाशी दोन ओळींत सार.

डावीकडे प्रश्न, आणि तेही ‘व्याख्या लिहा’ छापाचे नकोत. मूत्रपिंडाचा धडा घ्या. ‘दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, मग लघवी दीड-दोन लिटरच का?’ याचे उत्तर देताना गाळणी, पुनर्शोषण आणि नेफ्रॉनची रचना आपोआप उलगडते.

आठवी-नववीच्या मुलांना सुरुवातीला शिक्षकांनी उपशीर्षके आणि एक-दोन प्रश्न लिहून द्यावेत, नंतर हळूहळू ते कमी करावेत. फळ्यावरून उतरवून ‘वही पूर्ण’ करण्यात यातले काहीच होत नाही, अक्षर तेवढे सुधारते!

दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने उजवी बाजू झाकून उत्तरे द्यायची. घरात कोणी प्रश्न विचारले तर उत्तम. विचारणाऱ्याला विषय यायलाच हवा असे नाही, उत्तर पडताळायला वहीची उजवी बाजू त्याच्या हातात असते.