अर्धा कप चहा आणि उपाशीपोटीची चाचणी

‘फक्त अर्धा कप चहा घेतलाय, चालेल ना?’ सकाळी सात वाजता हे ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण त्या माणसाला परत पाठवावं लागतं. चहातलं साखर-दूध आणि कॅफीन शरीराचा कॅलरींचा खर्च वाढवतात, आणि मला मोजायचा असतो विश्रांतीतला खर्च. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनआधी आहारतज्ज्ञ म्हणून मी ही चाचणी करते.

गैरसमज : माझं मेटाबॉलिझमच मंद आहे. नुसतं पाणी प्यायलं तरी अंगाला लागतं.

चाचणीत माणूस निवांत पडून असतो, डोक्यावर पारदर्शक हुड. झोपायचं नाही, बोलायचं नाही. किती ऑक्सिजन वापरला आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, यावरून विश्रांतीत जळणाऱ्या कॅलरी निघतात. वजनदार माणसाचा आकडा बहुतेक वेळा सडपातळ माणसापेक्षा मोठाच येतो, कारण मोठं शरीर चालवायला जास्त इंधन लागतं.

पण वर्षानुवर्षं कडक डाएट करून थकलेल्यांचं म्हणणं मी कधीच उडवून लावत नाही. अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूझर’ या वजन घटवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. स्पर्धा संपून सहा वर्षं झाली, बऱ्याच जणांचं वजन परत आलं, तरी विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सरासरी ५०० कॅलरींनी कमीच होता. अशा माणसाला ‘तोंडावर ताबा ठेवा’ म्हणणं हा अन्याय आहे.

गैरसमज : थायरॉइडची गोळी लागू झाली की ऑपरेशन टळेल.

रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, करायलाच हवी. पण थायरॉइड मंदावल्यामुळे वाढणारं वजन सहसा थोड्या किलोंचं असतं, तेही बरंचसं पाणी आणि क्षार.

गैरसमज : मी काही तेवढी जाड नाही, माझ्या कशाला एवढ्या तपासण्या?

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे वजनकाटा बरंच लपवतो. म्हणूनच २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आशियाई लोकांसाठी बीएमआय २७.५ पासून ऑपरेशनचा विचार करता येतो.

गैरसमज : ऑपरेशननंतर जन्मभर गोळ्या घ्यायच्याच आहेत, मग आधी रक्त कशाला तपासायचं?

याच एका प्रश्नावर मी नातेवाइकांशी सगळ्यात जास्त वेळ बोलते. हुडची चाचणी सगळीकडे होत नाही, सूत्रावरून अंदाज काढून भागवता येतं. रक्ताचं तसं नाही. लोह जिथे मुख्यतः शोषलं जातं तो आतड्याचा सुरुवातीचा भाग बायपास प्रकारच्या ऑपरेशनमध्ये वगळला जातो. स्लीव्ह प्रकारात जठराचा मोठा भागच काढतात, आणि बी-१२ शोषायला लागणारं आम्ल आणि प्रथिन तिथेच तयार होतं. आधीच रिकामा असलेला साठा मग नुसत्या गोळ्यांनी भरून निघणं अवघड. त्यात लोहाच्या कमतरतेने साखरेच्या तपासणीतलं एचबीएवनसी खोटं वाढलेलं दिसू शकतं, म्हणजे साखरेचाही अंदाज चुकतो.

एक काकू होत्या, शुद्ध शाकाहारी, कित्येक वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिनच्या गोळ्यांवर. पायाला मुंग्या यायच्या, ‘साखरेमुळेच असणार’ म्हणून घरात कुणी लक्ष दिलं नव्हतं. मेटफॉर्मिननेही बी-१२ कमी होतं. त्यांचं तर फारच खाली गेलेलं. इंजेक्शनं सुरू केली आणि ऑपरेशन पुढे ढकललं. मुलगा चिडला, त्याने रजा काढून ठेवली होती. दोन महिन्यांनी काकू आल्या त्या चहा न घेता, आणि आल्या आल्या म्हणाल्या, ‘ताई, आता चप्पल पायातून निसटली की कळतं हो मला.’